युद्धकालीन नकाशाचा पाठ : उड्डाणाभासासाठी होणाऱ्या नकाशा-पुनर्मुद्रणाचा विचार

१. विषयप्रवेश

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात 'संहिता' या संज्ञेचा पैस गेल्या काही दशकांत बराच विस्तारला आहे. जे. बी. हार्ली यांनी १९८९ मध्ये नकाशाच्या विरचनेवर निबंध लिहिला. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९९१ मध्ये आपल्या राष्ट्रविषयक ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि वस्तुसंग्रहालय यांवर स्वतंत्र प्रकरण जोडले. तेव्हापासून नकाशा हाही वाचनाचा आणि अर्थनिर्णयनाचा विषय मानला जाऊ लागला. मात्र या अभ्यासात नकाशा बहुधा सत्तेची संहिता म्हणून वाचला गेला. जुना नकाशा नव्या वाचकासाठी पुन्हा सिद्ध केला जातो, तेव्हा त्याच्या पाठाचे काय होते, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार एका अनपेक्षित वाटेल अशा क्षेत्राच्या आधारे करावयाचा आहे.

हे क्षेत्र म्हणजे विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणारे संगणकीय खेळ. इंग्रजीत त्यांना फ्लाइट सिम्युलेशन म्हणतात. येथे त्यांच्यासाठी 'उड्डाणाभास' हा शब्द योजला आहे. मायक्रोसॉफ्टचा 'कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर' १९९८ मध्ये आला. रशियात घडलेला 'इल-२ श्टुर्मोविक' २००१ मध्ये, त्याच्या परंपरेतील स्टालिनग्राडविषयक खेळ २०१४ मध्ये आणि 'डीसीएस' या मालिकेतील नॉर्मंडीचा १९४४ सालचा भूप्रदेश २०१७ मध्ये उपलब्ध झाला. या खेळांत पडद्यावर एक नकाशा असतोच आणि त्यावर खेळणाऱ्याच्या विमानाची जागा एका चिन्हाने दाखवता येते. परंतु गंभीरपणे खेळणारे अनेक जण ही सोय मुद्दाम बंद करतात. आपण कोठे आहोत हे यंत्राने सांगू नये, ते खिडकीबाहेरची नदी, रूळ आणि गावे पाहून आपल्याला कळावे, असा त्यांचा आग्रह असतो. मग त्यांना गुडघ्यावर ठेवण्याजोगा कागदी नकाशा लागतो, आणि तो १९४० किंवा १९४४ सालच्या वैमानिकाकडे होता तसा लागतो. असे नकाशे तयार करून छापणारी हौशी मंडळी अनेक देशांत आहेत. त्यांचे काम वरवर पाहता छंदाचे आहे. पण त्यांच्यापुढे उभे राहणारे प्रश्न पाठसंपादकाचे आहेत, आणि त्यांच्या कामाचे मूल्यमापनही त्याच कसोट्यांवर व्हायला हवे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

२. वैमानिकाचे वाचन

नकाशाचा पाठ ठरवण्याआधी त्याचे वाचन कोणत्या परिस्थितीत होत होते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. घरात मेजावर नकाशा पसरून बसलेला वाचक स्थिर असतो. वैमानिक मात्र नकाशात दाखवलेल्या भूमीवरून वेगाने सरकत असतो. ताशी ३०० मैलांनी जाणारे विमान मिनिटाला सुमारे ८ किलोमीटर अंतर कापते. १ : ५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर हे अंतर १.६ सेंटिमीटर भरते, १ : २,५०,००० वर ३.२ सेंटिमीटर आणि १ : ५०,००० वर १६ सेंटिमीटर. म्हणजे पायदळाच्या अधिकाऱ्याला दिवसभर पुरणारा नकाशा वैमानिकाच्या हातून तीन-चार मिनिटांत संपतो. डोव्हर आणि कॅले यांमधील सुमारे ३४ किलोमीटरचा समुद्र १ : ५,००,००० च्या नकाशावर जेमतेम सात सेंटिमीटर असतो. नकाशाचे प्रमाण हे केवळ गणित नसून वाचनाची लय आहे, हे यावरून ध्यानात यावे. ब्रिटिश युद्धखात्याच्या भूगोल विभागाने युरोपसाठी १ : ५,००,००० प्रमाणाची हवाई नकाशामाला वेगळी काढली, तिचे कारण या लयीत आहे.

हे वाचन बिनचूक होत असे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांनी घेतलेल्या छायाचित्रांची तपासणी करणारा बट अहवाल सादर झाला. लक्ष्यावर हल्ला केल्याचे ज्या विमानांनी नोंदवले होते, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विमानेच लक्ष्याच्या ५ मैलांच्या आत पोचली होती, असे त्यात आढळले. रात्र, ढग आणि वारा यांच्यापुढे कागद अपुरा पडत होता. १९४२ च्या मार्चपासून 'जी' ही रेडिओलहरींवर चालणारी दिशादर्शनाची पद्धत प्रत्यक्ष मोहिमांत आली आणि तिच्यासाठी नकाशावर वक्ररेषांचे जाळे छापले जाऊ लागले. एकाच युद्धातील १९४० चा नकाशा आणि १९४३ चा नकाशा हे दोन वेगळे वाचनव्यवहार गृहीत धरतात. 'युद्धकालीन नकाशा' हा एकवचनी शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे.

वैमानिकाच्या वाचनाचे साहित्यातील मर्मग्राही चित्र आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी यांच्या १९३९ सालच्या 'तेर देझोम' या पुस्तकात आढळते. पहिल्या टपाल-उड्डाणाच्या आदल्या रात्री लेखक आपला अनुभवी सहकारी गियोमे याच्याकडून स्पेनचा भूगोल शिकून घेतो. गियोमे त्याला लोकसंख्या किंवा नद्यांची खोरी सांगत नाही. एका शेताच्या कडेची तीन संत्र्यांची झाडे, एकाकी शेतघर, गवतात दडलेला ओढा अशा गोष्टी तो नकाशावर टिपायला लावतो. छापील नकाशा आणि त्यावर पेन्सिलीने उमटलेला हा दुसरा पाठ यांतील अंतर तौलनिक अभ्यासकाला नवे नाही. ते मूळ ग्रंथ आणि त्याच्या समासातील टीपा यांच्यामधील अंतर आहे. हेच सेंत-एक्झ्युपेरी ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकातून छायाचित्रणाच्या टेहळणीसाठी निघाले आणि परतले नाहीत. त्यांच्या विमानाचे अवशेष मार्सेयजवळच्या समुद्रात सापडले आणि २००४ मध्ये त्यांची ओळख निश्चित झाली. ज्या छायाचित्रांवरून सैन्याचे नकाशे दुरुस्त होत, ती घेण्याच्या कामात हा लेखक गेला, ही गोष्ट नकाशाला निर्विकार कागद मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

३. प्रतींची वंशावळ

आता संपादनाकडे वळू. उड्डाणाभासासाठी नकाशा करणारा प्रथम मूळ प्रती गोळा करतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने दुसऱ्या महायुद्धातील नकाशांच्या प्रतिमा अभ्यासकांना खुल्या केल्या आहेत. अमेरिकी शासनाच्या नकाशांवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. ब्रिटिश शासनाच्या प्रकाशित नकाशांवरील हक्क ५० वर्षांनी संपतो, त्यामुळे युद्धकाळातील नकाशे मुक्त झाले आहेत. सामग्रीचा तुटवडा नाही. अडचण आहे ती सामग्रीच्या विश्वसनीयतेची.

ब्रिटिशांनी वापरलेले फ्रान्सचे कित्येक युद्धकालीन नकाशे हे एकोणिसाव्या शतकातील १ : ८०,००० प्रमाणाच्या फ्रेंच लष्करी नकाशावरून मोठे करून काढलेले होते आणि नंतर हवाई छायाचित्रांच्या आधारे त्यांची दुरुस्ती होत गेली. जर्मनीचे ब्रिटिश नकाशे जर्मनांच्याच नकाशांवरून उतरवले गेले. इटलीचे फ्लॉरेन्सच्या लष्करी भूगोल संस्थेच्या नकाशांवरून. उलटपक्षी १९४० मध्ये इंग्लंडवर स्वारी करण्याची तयारी करताना जर्मन सेनेने ब्रिटिश ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे जर्मन टिपांसह पुन्हा छापले. शत्रूचा देश शत्रूच्याच नजरेतून पाहण्याची ही पद्धत होती. त्यामुळे युद्धकालीन नकाशाच्या एका पृष्ठावर तीन-चार काळ आणि दोन-तीन राष्ट्रांचे हात एकत्र नांदत असतात. टेकडी १८६० सालची, रेल्वेमार्ग १९२० चा, धावपट्टी १९४३ ची आणि चौकटींचे जाळे तोफखान्याच्या सोयीचे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जी शिस्त घालून दिली, तिचे स्मरण येथे अपरिहार्यपणे होते. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी प्रतींचे वंश लावले, प्रक्षेप वेगळे केले आणि आपण सिद्ध केलेला पाठ म्हणजे मूळ महाभारत असल्याचा दावा टाळला. हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितकेच मागे जायचे, हे त्यांच्या पद्धतीचे सार होते. चांगला नकाशाकार नेमके हेच करतो. मोहीम ज्या महिन्यात घडली त्या महिन्याआधी छापलेली आवृत्ती तो शोधतो. नंतरच्या आवृत्तीत आलेला पूल किंवा विमानतळ तो प्रक्षेप समजून वगळतो. उलट, त्या आवृत्तीत असलेली चूक मात्र तो दुरुस्त करीत नाही, कारण वैमानिकाने त्या चुकीसह उड्डाण केले होते.

अमेरिकी लष्करी नकाशा-सेवेच्या बऱ्याच नकाशांच्या समासात एक लहानशी आकृती असते. नकाशाचा कोणता भाग कोणत्या प्रतीच्या सर्वेक्षणावर आधारलेला आहे आणि तो कितपत भरवशाचा आहे, हे तीत दाखवलेले असते. आपल्याच संहितेतील दुबळ्या जागा उघडपणे सांगणारे असे संपादकीय टिपण साहित्यग्रंथांतही क्वचित सापडते. पुनर्मुद्रणात ही आकृती पुष्कळदा कापून टाकली जाते, कारण ती खेळात उपयोगी पडत नाही आणि जागा अडवते. नकाशाचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते, असे म्हणावे लागेल.

४. बदललेली भूमी

पाठसंपादनाशी असलेले साम्य येथवर जुळते. पुढची अडचण मात्र ग्रंथसंपादकाला सहसा येत नाही. उड्डाणाभासातील भूप्रदेश बहुधा आजच्या उंचीमोजणीवर उभा केलेला असतो. २००० च्या फेब्रुवारीत 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातील भूमीची उंची रडारने मोजली. त्या सामग्रीचा या प्रकारच्या कामात मोठा उपयोग होतो. पण ती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची पृथ्वी आहे. तिच्यावर १९४२ चा नकाशा ठेवला की दोन काळ एकमेकांवर आदळतात.

स्टालिनग्राडचे उदाहरण घ्यावे. नोव्हेंबर १९४२ मध्ये सोव्हिएत सैन्याच्या दोन फळ्या डोन नदीवरील कलाचच्या परिसरात एकत्र आल्या आणि जर्मन सहावी सेना वेढली गेली. आज त्या कलाचपासून खाली पसरलेला त्सिम्ल्यान्स्क जलाशय १९५२ मध्ये भरला. डोन आणि व्होल्गा यांना जोडणारा कालवा त्याच वर्षी खुला झाला. शहराच्या वरच्या अंगाचे व्होल्गेवरचे धरण १९६१ मध्ये पूर्ण झाले. आजच्या मोजणीत ज्या ठिकाणी पाण्याची सपाटी दिसते, तेथे युद्धाच्या वेळी नदीचे वळणदार पात्र, गवताळ पूरभूमी आणि गावे होती. वैमानिकाला वाट दाखवणारे नदीचे वळणच आजच्या सामग्रीत पाण्याखाली गेलेले असते. नकाशाकाराला ते जुन्या नकाशावरून उचलून पुन्हा कोरावे लागते.

नेदरलँडमध्ये प्रश्न नेमका उलटा आहे. १९३२ मध्ये मोठा बांध पुरा होऊन झाउडरझे हा उपसागर आयसलमेर नावाचे सरोवर झाला. त्यातील ईशान्य पोल्डर १९४२ मध्ये कोरडा झाला. पूर्व फ्लेव्होलँड १९५७ मध्ये आणि दक्षिण फ्लेव्होलँड १९६८ मध्ये. इंग्लंडहून जर्मनीकडे जाणारी बॉम्बफेकी विमाने या पाण्यावरून जात. आजच्या सामग्रीवर आधारलेल्या भूमीत तेथे शेते आणि लेलिस्टाडसारखी शहरे दिसतात. उलट वीरिंगरमेर हा १९३० मध्ये कोरडा केलेला पोल्डर एप्रिल १९४५ मध्ये जर्मनांनी बांध फोडून बुडवला, आणि वाल्खरेन बेटाचे बांध ऑक्टोबर १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी फोडले. म्हणजे सप्टेंबर १९४४ चा नकाशा आणि नोव्हेंबर १९४४ चा नकाशा यांत समुद्राची हद्द एकच नाही. नव्या पोल्डरांतून पाणी उपसले गेले तेव्हा सरोवरात कोसळलेल्या विमानांचे सांगाडे शेतांत उघडे पडले. नकाशावरचा निळा रंग हिरवा झाला, पण निळ्या रंगाखाली जे बुडाले होते ते तसेच राहिले होते.

नॉर्मंडीत बदल अधिक सूक्ष्म आहेत. शेताशेतांना वेढणाऱ्या उंच, दाट कुंपणांच्या रांगा युद्धोत्तर काळातील शेतजमिनींच्या एकत्रीकरणात मोठ्या प्रमाणावर नाहीशा झाल्या. जून १९४४ मध्ये मित्रसैन्याने सेंत-क्र्वा-स्युर-मेर, बाझांव्हिल, सें-प्येर-द्यु-माँ अशा खेड्यांजवळ घाईने धावपट्ट्या उभारल्या आणि आघाडी पुढे सरकल्यावर काही महिन्यांत त्या सोडून दिल्या. सेंत-एक्झ्युपेरी यांच्या १९४३ सालच्या प्रसिद्ध बालकथेतील भूगोलतज्ज्ञ फुलांची नोंद करीत नाही, कारण फुले क्षणभंगुर असतात. युद्धकालीन नकाशा त्याच्या अगदी उलट वागतो. त्यात सर्वांत क्षणभंगुर वस्तूच सर्वांत ठळक छापलेली असते. म्हणूनच त्यावरची तारीख ही शोभेची ओळ मानता येत नाही; ती त्याच्या अर्थाची किल्ली आहे.

उत्तर दिशासुद्धा काळाबरोबर हलते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील कोन दक्षिण इंग्लंडमध्ये १९४० च्या सुमारास पश्चिमेकडे १० ते ११ अंश होता. २०१९ मध्ये ग्रिनिच येथे तो शून्यावर आला. होकायंत्राच्या आधारे उडणाऱ्याला १० अंशांची चूक ६० मैलांच्या प्रवासात सुमारे १० मैल बाजूला नेते. खेळात त्या काळचा चुंबकीय फरक मोजला आहे की नाही, हे पाहूनच नकाशाच्या समासात हा कोन द्यावा लागतो. मूळ नकाशातील आकडा आंधळेपणाने उतरवला तर कागद अस्सल दिसेल, पण वाट चुकवील.

५. कागद आणि छपाई

प्रत्यक्ष घडणीची रीत थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. मूळ नकाशाची प्रतिमा घेऊन तिच्यावरील ओळखता येणारे बिंदू, म्हणजे चौकटींचे छेद, चर्चचे मनोरे, रेल्वेची फाटे फुटण्याची ठिकाणे, हे खेळातील भूप्रदेशातल्या त्याच बिंदूंशी जोडले जातात. जुना कागद आकसलेला आणि घड्यांवर ताणलेला असतो, त्यामुळे संपूर्ण पृष्ठाला एकच सूत्र लागू पडत नाही. शिवाय मूळ नकाशा लँबर्ट यांनी १७७२ मध्ये मांडलेल्या शंकू-प्रक्षेपणावर किंवा त्यासारख्या एखाद्या प्रक्षेपणावर बेतलेला असतो, तर खेळातील भूमी पुष्कळदा सपाट चौकटीवर पसरलेली असते. गोल पृथ्वीचे सपाट कागदावर झालेले एक भाषांतर दुसऱ्या भाषांतरात न्यावे लागते. मूळ कृती न पाहता भाषांतरावरून भाषांतर करताना जो धोका असतो तोच येथे असतो: प्रत्येक पायरीवर थोडा अर्थ सांडतो.

त्यानंतर नकाशा कापून घरगुती छपाईयंत्राच्या मापाचा करावा लागतो. ४२ सेंटिमीटर लांब आणि २९.७ सेंटिमीटर रुंद अशा कागदावर १ : ५,००,००० प्रमाणाने सुमारे २१० किलोमीटर लांब आणि १४८ किलोमीटर रुंद प्रदेश मावतो. मूळ नकाशे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र पत्रा करून छापले जात. तपकिरी समोच्चरेषा, निळे पाणी, हिरवे अरण्य आणि काळी अक्षरे कागदावर एकामागून एक उतरत. त्यामुळे रेषा एकसंध आणि कडक येई. आजचे यंत्र तोच तपकिरी रंग सूक्ष्म ठिपक्यांतून घडवते आणि बारीक रेषा विसविशीत होते. म्हणून जाणकार नकाशाकार मूळ प्रतिमा जशीच्या तशी छापत नाही. रेषा नव्याने काढतो आणि रंग मोजके ठेवतो. कॉकपिटमधील लाल दिव्याच्या उजेडात लाल शाई दिसेनाशी होते, हा अनुभव वैमानिकांचा जुना आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसणाऱ्यालाही मंद प्रकाशाचा विचार करावा लागतो.

येथे एका मोहाचा उल्लेख करायला हवा. चहाचे डाग, पिवळा रंग, खोट्या घड्या आणि फाटलेल्या कडा घालून नकाशा 'जुना' करण्याची रीत रूढ आहे. १९४४ च्या जूनमध्ये वैमानिकाच्या हाती पडलेला नकाशा कोरा करकरीत होता. त्याला शाईचा वास होता. पिवळेपणा हा नंतरच्या ८० वर्षांचा आहे. तो मूळ पाठात घालणे म्हणजे प्राचीन कवीच्या मुखी वार्धक्याची भाषा घालण्यासारखे आहे. जुनेपणाचा आभास आणि कालनिष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली बहुधा दुसरीची उणीव झाकण्यासाठी येते.

६. नावांची निवड

नकाशावरील नाव हा भाषेचा आणि मालकीचा प्रश्न असतो. बाल्टिक किनाऱ्यावरील शहराला डान्झिग म्हणावे की ग्दान्स्क? कोनिग्सबर्ग हे १९४६ मध्ये कालिनिनग्राड झाले. ल्व्हुव, लेम्बर्ग, ल्वोव्ह आणि ल्विव्ह ही एकाच शहराची पोलिश, जर्मन, रशियन आणि युक्रेनी नावे आहेत, आणि १९३९ ते १९४४ या काळात तेथील सत्ता तीनदा बदलली. स्टालिनग्राड हे नावही १९२५ पासून १९६१ पर्यंतच टिकले. जर्मन वैमानिकाची भूमिका घेणाऱ्यासाठी नकाशा जर्मन नावांचा करावा, तर तो पूर्व युरोपातील ताबेदारीची भाषा पुन्हा छापतो. आजची नावे घालावीत, तर तो कालविपर्यास होतो.

यावर चिकित्सक आवृत्तीचा मार्ग योग्य ठरतो. मूळ पृष्ठावर त्या काळचे, त्या सैन्याचे नाव राहावे आणि समासात इतर भाषांतील नावांची सूची यावी. लिप्यंतराबाबतही हेच धोरण सांगता येईल. ब्रिटिशांनी १९१९ मध्ये भौगोलिक नावांसाठी स्थायी समिती नेमली ती रोमन लिपीतील एकरूपतेसाठी. तिने ठरवलेली रूपे स्थानिक उच्चारापासून किती दूर गेली होती, हे ज्यांच्या गावांची नावे 'पूना' आणि 'किरकी' अशी छापली गेली त्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

७. जे नकाशावर नाही

येथवरचा विचार पाठाच्या शुद्धतेचा झाला. आता तिच्या मर्यादेचा विचार करायला हवा. युद्धकालीन हवाई नकाशांचा एक वर्ग लक्ष्य-नकाशांचा होता. अनेक लक्ष्य-नकाशांवर शहराच्या मध्याभोवती समान अंतराची वर्तुळे काढलेली असत. नदी, रस्ते आणि वस्ती ही बॉम्बफेक्याला ओळखता यावीत म्हणून ठळक असत. बाकीचा तपशील गाळला जाई. हॅम्बुर्गवर १९४३ च्या जुलैअखेरीस झालेल्या हल्ल्यांत ३० हजारांहून अधिक माणसे मेली. त्या शहराच्या नकाशावर वस्ती हा एक रंग होता. असा नकाशा अचूकपणे पुन्हा छापणे म्हणजे त्यातील गाळणूकही अचूकपणे पुन्हा छापणे होय. खेळात त्या रंगाखाली माणसे नसतात, म्हणून तेथे ही गाळणूक निरुपद्रवी वाटते. कागद मात्र खेळातला नसतो. तो इतिहासातून आलेला असतो, आणि तो हाती घेणाऱ्याला हा फरक सांगण्याची जबाबदारी संपादकावर येते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रेशमी नकाशे आहेत. डिसेंबर १९३९ मध्ये स्थापन झालेल्या एमआय-९ या ब्रिटिश गुप्त विभागासाठी क्रिस्टोफर क्लेटन हटन यांनी, शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या सैनिकांना निसटता यावे म्हणून, रेशमावर नकाशे छापवून घेतले. रेशीम चुरगळले तरी आवाज होत नाही, भिजले तरी फाटत नाही, आणि ते कपड्याच्या अस्तरात लपते. मूळ नकाशे एडिंबरोच्या बार्थोलोम्यू यांचे होते आणि छपाई लीड्सच्या जॉन वॉडिंग्टन यांची. हेच वॉडिंग्टन ब्रिटनमध्ये 'मोनोपॉली' हा पटावरचा खेळ छापीत होते. खेळ आणि युद्ध यांचे नकाशे एकाच छापखान्यातून बाहेर पडले, हा योगायोग प्रस्तुत विषयात अर्थपूर्ण ठरतो. उड्डाणाभासात विमान पडले की खेळ संपतो आणि नवा सुरू करता येतो. प्रत्यक्षात रेशमी नकाशाचे वाचन त्या क्षणी सुरू होत असे, तेही पायी, रात्री आणि भुकेल्या पोटी. आज हे नकाशे कापडावर हुबेहूब छापून मिळतात. ते भिंतीवर शोभतात. त्यांचा खरा वाचनव्यवहार मात्र कोणत्याही आभासाच्या पलीकडे राहतो.

मराठी वाचकाशी थेट संबंध असलेले एक उदाहरण इटलीतील आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवरील जर्मन फळीवर आधी हवाई मारा झाला आणि मग आठव्या सेनेने नदी ओलांडली. वैमानिकाच्या १ : ५,००,००० च्या नकाशावर ही नदी एक बारीक निळी रेषा आहे. जमिनीवर तिच्या दोन्ही काठांना उभे पूरबांध होते आणि त्यांत सुरुंग पेरलेले होते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी त्या दिवशी आपल्या दोन जखमी सहकाऱ्यांना पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणले आणि शत्रूच्या मशीनगनची ठाणी मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकच नदी, एकच दिवस; परंतु वरून वाचलेला पाठ आणि खालून वाचलेला पाठ यांत जे अंतर पडते ते कोणतेही प्रमाण भरून काढू शकत नाही.

८. अभिजाततेचा प्रश्न

कोणत्या युद्धभूमीचे नकाशे पुन्हा घडतात, यातही एक मान्यताक्रम दिसतो. इंग्लिश खाडी, नॉर्मंडी, स्टालिनग्राड आणि प्रशांत महासागरातील बेटे यांना उड्डाणाभासाच्या जगात अभिजात ग्रंथांचे स्थान आहे. इंफाळ आणि आराकान यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले. १९४४ मध्ये स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने इंफाळच्या खोऱ्यातून हरिकेन विमाने उडवली. डोंगर, ढग आणि पाऊस यांमधून केलेल्या या टेहळणीत नकाशावाचनाची कसोटी खाडीवरील कोणत्याही उड्डाणापेक्षा कमी नव्हती. सर्व्हे ऑफ इंडियाच्या चार मैलांना एक इंच आणि एक मैलाला एक इंच या जुन्या प्रमाणांच्या नकाशामाला या पूर्व सीमेच्या अभ्यासाचा स्वाभाविक आधार ठरतील.

आपल्याकडे नकाशांची उपलब्धता दीर्घकाळ सुरक्षेच्या कारणाने मर्यादित राहिली, हेही या उपेक्षेचे एक कारण मानता येईल. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि जनतेसाठीची अशा दोन नकाशामाला वेगळ्या केल्या. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी निर्बंध पुष्कळ सैल केले. त्याआधी सह्याद्रीत भटकणाऱ्या गिर्यारोहकांनी जे नकाशे वापरले, ते अमेरिकी लष्करी नकाशा-सेवेने १९५० च्या दशकात छापलेल्या १ : २,५०,००० प्रमाणाच्या मालेतील असत आणि टेक्सासमधून मिळत. आपल्याच घाटवाटा परक्या सैन्याच्या कागदावर शोधण्याचा हा अनुभव अनेक मराठी भटक्यांचा आहे. नकाशाचे जतन आणि नकाशाची मालकी या गोष्टी एकाच ठिकाणी असतीलच असे नाही, हे त्यातून कळते.

९. समारोप

उड्डाणाभासासाठी युद्धकालीन नकाशा पुन्हा छापणे हे पाठसंपादन आहे, असे मानल्यास त्याच्या कसोट्या स्पष्ट होतात. नकाशाला एक निश्चित तारीख हवी. त्या तारखेचे अज्ञान त्यात शाबूत हवे. मागाहून आलेले पाणी, पूल, नावे आणि पिवळेपणा त्यातून निघायला हवा. समास कापला जाऊ नये. कारण कोणी, कशावरून, केव्हा आणि किती भरवशाने हा नकाशा काढला, हे समासातच सांगितलेले असते. या कसोट्यांना उतरणारा नकाशा घरच्या मेजावर उलगडला, तरी तो इतिहासाचे साधन राहतो.

तरीही शेवटी एक गोष्ट उरते. संपादक पाठ परत मिळवू शकतो, पण मूळ वाचकाची परिस्थिती परत मिळवू शकत नाही. १९४३ च्या रात्री ज्याच्या गुडघ्यावर हा कागद होता, त्याला परतीची शाश्वती नव्हती. आणि कागदावरील रंगाखाली जे झोपले होते, त्यांना आपण कोणत्या वर्तुळात आहोत हे ठाऊक नव्हते. पुनर्मुद्रित नकाशाच्या समासात संपादकाने एक ओळ अधिक घालावी, असे सुचवावेसे वाटते: या चौकटीत त्या तारखेला किती माणसे राहत होती. तेवढ्याने नकाशा वाचायला कठीण होणार नाही. तो वाचणाऱ्याला, आपण काय वाचीत आहोत, एवढे मात्र कळेल.